लग्नचौक, धवलेरी आणि सही : वारली स्त्रियांच्या गौरवाची चिकित्सा

संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ मध्ये ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन म्हणून घोषित केला. २०२२ साली या दिनासाठी जो विषय ठरविण्यात आला, तो पारंपरिक ज्ञानाचे जतन व संक्रमण यांतील आदिवासी स्त्रियांच्या भूमिकेचा होता. आपल्या महाविद्यालयांतूनही हा दिन साजरा होतो; तारपा नृत्य होते, वारली चित्रांचे प्रदर्शन भरते, एखाद्या कर्तृत्ववान आदिवासी भगिनीस शाल व श्रीफळ दिले जाते. या समारंभांमागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि गौरव हीही एक मूल्यमापनाची कृती आहे आणि प्रत्येक मूल्यमापनाप्रमाणे तिच्याही काही गृहीत कसोट्या असतात. त्या कसोट्यांची चिकित्सा वारली चित्रकलेच्या एकाच उदाहरणाच्या आधारे करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरण मुद्दाम निवडले आहे. आदिवासी कलेला मिळालेल्या मान्यतेची गोष्ट म्हणून महाराष्ट्रात ते सर्वाधिक परिचित आहे आणि मूळ कर्त्या स्त्रिया त्या गोष्टीतून कशा निसटल्या, हेही त्यात स्पष्ट दिसते.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हा वारल्यांचा प्रदेश. २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. येथील लग्नविधीत शेणाने व गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढला जातो. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. सृष्टीच्या सुफलतेची ती देवता. तिच्याभोवती नक्षीच्या अनेकपदरी किनारी, बाहेर झाडे, पाखरे, माणसे. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या. हा चौक काढण्याचा अधिकार सवाशिणींचा. चौक नसेल तर लग्न लागत नाही. त्यामुळे त्यास सजावट म्हणणे म्हणजे सप्तपदीस नृत्य म्हणण्यासारखे आहे. चौक हा विधीचाच एक भाग आहे आणि तो पार पाडणाऱ्या स्त्रिया त्या क्षणी समाजाच्या वतीने एक धार्मिक कार्य करीत असतात. यशोधरा डालमिया यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ या ग्रंथात हा संबंध सविस्तर मांडला आहे. या कलेविषयी नंतर झालेल्या लोकप्रिय लेखनाने तो एका वाक्यापुरता ठेवला, ही खेदाची बाब होय.

सवाशिणींच्या जोडीला धवलेरी असते. लग्नातील गीते गाणारी आणि आपल्या गाण्याने विधी पुढे नेणारी ही स्त्री. ‘धवलेरी’ या शब्दाचे ‘धवळे’ या शब्दाशी असलेले नाते मराठीच्या प्राध्यापकांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. तेराव्या शतकात महदाइसेने रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे गायिले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या धवळ्यांमुळेच ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. म्हणजे विवाहप्रसंगी स्त्रीने गायिलेल्या गीताला आपल्या वाङ्मयेतिहासाने अगदी आरंभीचे, मानाचे स्थान दिले आहे. मग तोच रचनाप्रकार, तेच प्रयोजन आणि जवळजवळ तेच नाव घेऊन गाणारी वारली धवलेरी त्या इतिहासात का येत नाही? महदाइसेचे धवळे लिहून ठेवले गेले, त्यांना एका पंथाने जपले, त्यावर संशोधकांना पाठभेद करता आले. धवलेरीचे गीत दर लग्नात नव्याने उभे राहते. त्याची पोथी नाही. धवळ्यांचे वाङ्मयीन मूल्य आपण प्रयोगातून शोधले नाही, पोथीतून शोधले. त्यामुळे ज्या परंपरेत प्रयोगच सर्वस्व आहे ती लोकसाहित्याच्या वेगळ्या प्रश्नपत्रिकेत गेली. ही वाटणी अभ्यासक्रमाच्या सोयीची असेल, परंतु तिला वाङ्मयीन निकष म्हणता येणार नाही.

आता चित्रांकडे वळू. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे वारली पाड्यांवर गेले आणि भिंतीवरचे चित्र कागदावर आले. स्त्रिया पुढे येण्यास संकोचल्या आणि एका तरुणाने कागद हाती घेतला, असे सांगितले जाते. तो तरुण म्हणजे गंजाडचे जिव्या सोमा मशे. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. मशे यांच्या श्रेष्ठत्वाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मासेमारीच्या जाळ्याचे त्यांचे चित्र ज्याने पाहिले आहे, त्यास केसासारख्या बारीक रेषांनी अवघा कागद व्यापून टाकण्याचे त्यांचे सामर्थ्य विसरता येणार नाही. त्यांनी लग्नाच्या निमित्ताशिवाय, रोज, स्वतःच्या ओढीने चित्रे काढली. स्वतंत्र चित्रकार ही भूमिकाच त्यांनी आपल्या समाजात प्रथम निर्माण केली. त्यांचा सन्मान सर्वथा योग्य होता.

प्रश्न त्यांच्या सन्मानाचा नाही. सन्मानाच्या यंत्रणेला कोणत्या प्रकारचे काम दिसू शकते, याचा तो आहे. कागदाला कडा असतात, तो हलवता येतो, विकता येतो आणि त्याच्या कोपऱ्यात सही करता येते. भिंतीवरच्या चौकाला यांतील काहीच शक्य नाही. चौक अनेकींच्या हातचा असतो, लग्नाबरोबर त्याचे काम संपते आणि पुढच्या सारवणात तो नाहीसा होतो. पुरस्काराला एक नाव, एक कलाकृती आणि एक पत्ता लागतो. चौकापाशी यांपैकी काही नव्हते. म्हणून ज्या कामामुळे ही कला शतकानुशतके टिकली, ते काम पुरस्काराच्या अर्जात बसले नाही.

हे अटळ होते, असे मात्र म्हणता येणार नाही. तेच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७ च्या दुष्काळात, पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून बिहारमधील मधुबनी भागात गेले होते. तेथेही स्त्रिया लग्नासाठी भिंतीवर कोहबर रंगवीत असत आणि तेथेही कागद आणला गेला. मिथिलेत मात्र तो स्त्रियांच्याच हाती दिला गेला आणि त्यांना त्याचे मोल मिळाले. जगदंबा देवी यांना १९७५ मध्ये, सीता देवी यांना १९८१ मध्ये आणि गंगा देवी यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. मिथिलेच्या या चित्रकर्त्या आदिवासी नव्हत्या. त्यांचे सामाजिक स्थान आणि वारली स्त्रियांचे स्थान यांत मोठे अंतर होते. तरीही ही तुलना एवढे सिद्ध करते की, विधीतील सामूहिक चित्र आणि स्त्रीचे व्यक्तिगत नाव यांच्यात मूलतः विरोध नाही. कागद कोणाच्या हाती, कोणत्या व्यवस्थेतून आणि किती काळ पोचतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘वारली स्त्रिया लाजल्या’ हे स्पष्टीकरण कलासमीक्षेने फार सहज स्वीकारले आहे. जमीनदार, सावकार आणि जंगल खात्याचे अधिकारी यांच्याखेरीज बाहेरचा माणूस ज्या पाड्यांनी क्वचितच पाहिला होता, तेथील स्त्रियांच्या संकोचाला स्वभाव म्हणायचे की अनुभव, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

माध्यमाबरोबर चित्राचा आशयही बदलला. चौकात केंद्रस्थानी देवी होती आणि माणसे कडेला. कागदावर माणसे मध्यभागी आली. तारपा वाजविणाऱ्याभोवती फिरणारे नर्तकांचे वर्तुळ हे आज वारली चित्राचे जणू बोधचिन्ह झाले आहे. साड्यांवर, कपांवर, शासकीय इमारतींच्या भिंतींवर तेच दिसते. तारपा पुरुष वाजवितात. पालघट मात्र या छापील वारलीतून बहुतांशी गेली आणि तिच्याबरोबर ती काढणाऱ्यांचे स्मरणही गेले. आज अनेक वारली स्त्रिया कागदावर आणि कापडावर रंगवितात, हे स्वागतार्ह आहे. परंतु बाजारात त्यांच्याकडून मागणी असते ती तारप्याच्या वर्तुळाचीच. भौगोलिक संकेतांच्या १९९९ च्या अधिनियमाने पारंपरिक उत्पादनांना समूहाच्या नावे संरक्षण मिळू शकते. मात्र त्या समूहाच्या आत ज्ञान कोणाकडे होते, हे नोंदवहीत उमटत नाही.

येथे लग्नाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण चौकाच्या सौंदर्यचर्चेत ज्या लग्नासाठी चौक काढला जातो ते लग्नच हरवते. के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी वारल्यांचा उठाव सुरू झाला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या ग्रंथामुळे लग्नगडी हा शब्द मराठी वाचकांना परिचित झाला. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि त्यापायी त्याच्याकडे वेठीस राहायचे, नवऱ्याबरोबर बायकोनेही राबायचे, अशी ती पद्धत. म्हणजे ज्या भिंतीवर सुफलतेची देवता रेखाटली जात होती, त्याच घरात त्याच दिवशी गुलामीचा करार होत होता. चौक काढणाऱ्या सवाशिणींपैकी कितीतरी जणी स्वतः अशा लग्नातून आल्या असतील. आपल्या कलासमीक्षेत पालघट येते, परंतु लग्नगडी येत नाही; आणि चळवळीच्या इतिहासात लग्नगडी येतो, परंतु चौक येत नाही. एकच स्त्री दोन्हीकडे असल्यामुळे दोन्हीकडे अर्धीच दिसते.

याचा अर्थ वारली समाजाने स्वतः आपल्या स्त्रियांना निरपवाद मान दिला होता, असा भाबडा निष्कर्षही काढू नये. चौकाचा अधिकार सवाशिणीचा आहे. पती गेला की तो हात, मग तो कितीही कुशल असो, भिंतीपासून दूर होतो. ज्या आदिवासी पट्ट्यांत स्त्रीला विधीत स्थान आहे, तेथेच भुताळी म्हणून स्त्रीचा छळ झाल्याच्याही घटना आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असा छळ गुन्हा ठरविण्याची गरज भासली, ती उगाच नव्हे. सवाशीणपणाची अट न घालता कौशल्याला मान देणे जमले, तर बाहेरचा गौरव येथे उपयोगी ठरू शकतो.

पण त्या गौरवाची भाषा कोणती? अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील महादेव कोळी समाजाच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. गावरान वाणांच्या त्यांच्या कामाला येथे नाव, पत्ता आणि पुरस्कार तिन्ही मिळाले. परंतु सर्वांच्या तोंडी बसले ते ‘बीजमाता’ हे संबोधन. त्यात आदर आहेच. मात्र पुढच्या हंगामासाठी कोणता दाणा ठेवावा, तो किती वाळवावा, राखेत कसा राखावा, कोणते वाण कोणत्या जमिनीत टिकते, हे निरीक्षण व निवड यांचे काम आहे. त्याला वात्सल्य म्हटले की त्यातील बुद्धी दृष्टीआड होते. हरितक्रांतीचेही ‘जनक’ असतात, हा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. फरक इतकाच की, स्वामिनाथन यांच्या नावाआधी शास्त्रज्ञ हा शब्द येतो आणि जनक नंतर. राहीबाईंच्या बाबतीत माता हीच पदवी होऊन बसते.

आपल्या हाती असलेल्या गोष्टी लहान आहेत, परंतु नेमक्या आहेत. मराठी विभागांनी महदाइसेच्या धवळ्यांसोबत धवलेरीचे गीत, गाणारीच्या संमतीने आणि तिच्या नावासह ध्वनिमुद्रित करून, काव्याच्याच तासाला ठेवावे. विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यात चौकाचे छायाचित्र घेतले, तर कोणाच्या लग्नातील, कोणत्या पाड्यावरील, कोणी काढलेला आणि त्या वेळी गायिले कोणी, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज ते स्वीकारू नये. चित्रातील किनारींना आणि आकृत्यांना त्या बायका कोणती नावे देतात, तीही लिहून घ्यावीत; बाहेरून दिलेली नावे नंतर लावता येतील. ग्रंथांतील व संग्रहालयांतील जुन्या चौकचित्रांखाली ‘अनामिक वारली कलाकार’ असे छापलेले आढळते. ही नोंद वस्तुस्थितीला धरून नाही. चौक कोणी काढला, हे ज्या पाड्यावर लग्न होते तेथे लहान मुलालाही ठाऊक असे. छायाचित्र घेणाऱ्याने विचारले नव्हते. ज्या लग्नांतील वधूवर अद्याप हयात आहेत, त्यांच्या चौकांपुरते तरी ते आजही विचारता येईल.