नोंदींतला पाद्री, ओवीतला कवी

इंग्लंडातील कॅथीड्रलांच्या धर्माधिकाऱ्यांचा माग काढणे फारसे अवघड नाही. जॉन ल नीव्ह याने १७१६ मध्येच त्यांच्या नेमणुकांची जंत्री छापून ठेविली. परंतु एलिझाबेथ राणीच्या राज्यात रोमचा पंथ धरून जो देशाबाहेर पडला, त्याला असल्या जंत्रीत जागा कोठून मिळावी? क्रिस्तपुराणाचा कर्ता थॉमस स्टीफन्स हा त्यांतलाच.

त्याचे चरित्र तुकड्यातुकड्यांनी जुळवावे लागते. जन्म विल्टशरमधील बुश्टन गावी, १५४९ च्या सुमारास. १५७५ मध्ये रोमला जेझुइट संघात प्रवेश. १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आगमन. पुढे साष्टीत धर्मकार्य. १६१९ मध्ये मृत्यू. कागदोपत्री तो कोठे 'एस्तेव्हांव' होतो, तर कोठे जन्मगावच आडनाव होऊन 'बस्टन'. १६१६ सालच्या छापील पुराणाची एकही प्रत उरलेली नाही. हस्तलिखितांवरून सालढाणांनी १९०७ मध्ये मंगळुरास रोमन लिपीत ते छापले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली. या मंडळींचे ऋण मोठे आहे.

आमची टीका मात्र मराठीच्या स्तुतीच्या चार ओव्यांपाशीच थबकते. सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ, आणि परक्याने आपल्या भाषेचे कौतुक केले एवढ्यावर आम्ही संतुष्ट! मला हे खटकते. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली; नवख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वर्ज्य झाली. ग्रंथारंभीच एक धर्मांतरित ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की ती पुराणे नकोत, तर आमच्यासाठी दुसरे का करीत नाही? हा प्रश्न नेमणुकांच्या कोणत्याही नोंदीत सापडणार नाही. स्वतःच्याच धर्मसत्तेने निर्माण केलेली पोकळी स्टीफन्स ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवीने भरू पाहतो. त्याच्या काव्यातले आर्जव आणि त्यामागचा अन्याय, दोन्ही एकदम वाचले पाहिजेत.

विचारणारे लोक घरी कोकणी बोलत. स्टीफन्सने त्या भाषेचे व्याकरणही रचिले. ते १६४० मध्ये राशोलला छापले गेले. त्याच्या मराठीत कोकणी शब्द आले, की काही विद्वानांना ती भेसळ वाटते. आम्हां चंदगडकरांना तसे वाटण्याचे कारण नाही. हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. घाटाखाली कोकण, पलीकडे गोवे. आमच्या बोलीत मराठी-कोकणीचा शेजार रोजचाच. वाचकांनी स्तुतीच्या ओव्या तूर्त बाजूस ठेवून त्या ब्राह्मणाच्या प्रश्नापासून हे पुराण वाचावयास घ्यावे, एवढेच माझे सांगणे आहे.