‘परिपूर्ती’: एक अपुरा परिचय

इरावतीबाई कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा निबंधसंग्रह १९४९ सालीं निघाला. त्यांतील त्याच नांवाच्या निबंधांत लेखिकेचा परिचय एका सभेंत थोर सासऱ्यांची सून, विद्वान पतीची पत्नी असा करून दिला जातो. तरी कांहीं उणें राहिलें असें तिला वाटतें. पुढें रस्त्यांतील मुलें तिला आपल्या सोबत्याची आई म्हणून ओळखतात, आणि परिचय पुरा होतो. निबंधाची ही बांधणी निर्दोष आहे; तींतील विनोदास जिव्हाळ्याची जोड आहे. पण तो केवळ मातृत्वाचा गौरव म्हणून वाचावा, हें आम्हांस मान्य नाहीं.

इरावतीबाईंनीं १९३० सालीं बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, १९३१ ते १९३६ महिला विद्यापीठाचें कुलसचिवपद सांभाळलें, आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजांत संशोधन केलें. या कर्तृत्वास निबंधांतील परिपूर्तींत वांटा नाहीं. ज्या महर्षींनीं १९१६ सालीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें, त्यांनाच सुनेचें जर्मनीस जाणें पसंत नव्हतें. पति दिनकरराव पाठीशीं उभे राहिले, म्हणून तें घडलें. एवढ्या विद्याव्यासंगाचा पाया एका माणसाच्या होकारावर उभा होता! नात्यांच्या मालिकेंतील हा कांटा निबंधांत कोठेंच टोंचत नाहीं, हेंच त्याचें न्यून.

विद्यापीठाचें दार उघडणें आणि त्याच्या पायऱ्या चढणें या सर्वत्रच निराळ्या गोष्टी ठरल्या. मुंबई विद्यापीठानें स्त्रियांस पदवीचा मार्ग १८८३ सालीं मोकळा केला. पण भारतांत सहशिक्षणाच्या विद्यापीठास पहिल्या स्त्री कुलगुरु, हंसाबेन मेहता, बडोद्यास लाभल्या त्या १९४९ सालीं. ऑक्सफर्डनें स्त्रियांस पदव्या १९२० सालीं दिल्या, कुलगुरुपद २०१६ सालीं. केंब्रिजनें पदव्या १९४८ सालीं, कुलगुरुपद १९७५ सालीं.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशासाठीं २०११ सालीं गोंडवाना विद्यापीठ झालें. बल्लारपुरास महिला विद्यापीठाचें केंद्रही आलें. तरी सिरोंच्याहून गडचिरोली सुमारें २०० किलोमीटर दूरच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनीं स्त्री-संशोधकांस पीएच्.डी.साठीं २ वर्षें अधिक दिलीं. सिरोंच्याच्या अध्यापिकेस तीं मिळतील. घरचा होकार मात्र कोणत्याही नियमानें मिळत नाहीं. तिनें ‘परिपूर्ती’ अवश्य वाचावी. मात्र तो निबंध शिकवितांना आम्हां अध्यापकांनीं सून, पत्नी, आई या शब्दांशेजारीं ‘कुलसचिव’ आणि ‘संशोधक’ हे शब्दही फळ्यावर लिहावेत. त्यावांचून तो परिचय पुरा होत नाहीं.