मराठवाड्याची शेतकरी-कविता : एक तक्रार

गेल्या काही वर्षांत धाराशिव जिल्ह्यातील कविसंमेलनांतून जी शेतकरी-कविता ऐकावयास मिळते, तिच्यात भेगाळलेली भुई, कोरडी विहीर, लिंबाला बांधलेला कासरा आणि विधवेचे पांढरे कपाळ ही चार उपकरणे इतक्या नियमाने येतात, की दुःखासारख्या पवित्र वस्तूचेही साचे पडतात हे पाहून मन उद्विग्न होते. आत्महत्येचा उल्लेख होताच टाळ्यांचा कडकडाट होतो. मृताच्या घरी त्या टाळ्यांचे काय करावयाचे, असा प्रश्न कवीस पडत नाही.

ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या, तेव्हा त्यांच्या नादाने आपण सर्वच मोहित झालो. परंतु महाविद्यालय सोडून पळसखेडला शेती करावयास परतलेला, सीताफळाच्या बागा लावणारा आणि विधान परिषदेत पाण्याचा प्रश्न मांडणारा हा कवी रानाकडे आधी कष्टकऱ्याच्या नजरेने पाहत होता आणि म्हणूनच त्याच्या लयीला वजन होते, याकडे आपल्या समीक्षेने दुर्लक्ष केले. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले. अनुकरण करणाऱ्यांनी त्यांची लय तेवढी उचलली. शेतीचे ज्ञान बांधावरच राहिले. इंद्रजित भालेरावांनी ‘पीकपाणी’पासून कुणब्याच्या बोलीला दिलेली प्रतिष्ठा आणि २०१७ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचा मान मिळविणारा श्रीकांत देशमुखांचा ‘बोलावे ते आम्ही’ हा संग्रह, ही या परंपरेची खरी वाटचाल होय. 

माझा मूळ आक्षेप असा, की आमच्या कवीला आजचे शेत ठाऊक नाही. ज्वारीचे रान सोयाबीनने व्यापले, मोट जाऊन बोअर आली, खुरप्याच्या जागी तणनाशक आले, तरी कविता मोटेवरच थांबली आहे. सातबारा, फेरफार, पैसेवारी, पंचनामा हे शब्द या प्रांताच्या जिभेवर चातक-मृगजळापेक्षा कितीतरी अधिक रुळलेले आहेत. शेतकऱ्याचे जगणे त्यांच्यावर टांगलेले आहे. तरीही ते काव्यबाह्य मानले जातात.

आणि दुष्काळच शेतकऱ्याला बुडवतो, असे कोणी सांगितले? याच जिल्ह्यातील, कळंब तालुक्यातील हासेगावच्या भास्कर चंदनशिवांनी ‘लाल चिखल’ या कथेत दाखविलेला बाप भाव कोसळल्यावर भरल्या बाजारात स्वतःचेच टोमॅटो पायाखाली तुडवितो, तेव्हा पाऊस पडलेला असतो, पीकही उदंड आलेले असते. मारते ती किंमत. या एका कथेशेजारी ठेवता येईल अशी बाजारभावावरची कविता या जिल्ह्याने माझ्या वाचनात अद्याप दिलेली नाही. कारण दुष्काळाला दैव म्हणून रडता येते, बाजाराला मात्र जाब विचारावा लागतो, आणि जाब विचारणारी कविता श्रोत्यांनाही अडचणीत टाकते.

तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांनी थापटण्याने पारखून नामदेवांनाही कच्चे ठरविल्याची कथा जेथे घरोघर सांगितली जाते, तेथे कवितेला कच्ची म्हणण्याचे धैर्य एकाही व्यासपीठावर दिसू नये, ही लज्जास्पद गोष्ट आहे. जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिवला भरूनही त्यात फरक पडला नाही. संपादकांनी आणि संयोजकांनी कासऱ्याची कविता साभार परत करावी आणि नव्या कवींनी एक हंगामभर बाजार समितीत सौदा होताना उभे राहून मगच लेखणी हाती घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.