खल वाघ आणि चोर कुत्रा: ‘जंगल बुक’मधील प्राणिनीती

‘जंगल बुक’ ही ॲनिमेशन मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवरून हिंदीत प्रक्षेपित झाली, तेव्हा आजचा हिंगोली जिल्हा परभणीत समाविष्ट होता. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची ही ५२ भागांची निर्मिती (१९८९-९०). तिचा मूलाधार किपलिंगचे १८९४ मधील इंग्रजी पुस्तक, कथास्थळ मध्य प्रदेशातील सिवनीचे अरण्य, आणि हिंदी रूपात शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. इतक्या भाषांतरांतून आलेल्या या संहितेने मराठी बालप्रेक्षकाच्या मनात प्राण्यांविषयी आस्था रुजवली, हे मान्य करावे लागेल. प्रश्न आहे तो या आस्थेच्या अटींचा.

मालिकेतील बघीरा, अकेला हे मानवी भाषेत बोलतात आणि त्यायोगे मानवी नीतिव्यवस्थेत प्रवेश करतात. चेतनगुणोक्ती येथे निव्वळ अलंकार राहत नाही. परंतु बोलणारा प्राणी गुणांबरोबर दोषांचाही धनी होतो. मोगलीचा सांभाळ करणारे ते सज्जन आणि त्याच्या जिवावर उठलेला वाघ तो दुर्जन, अशी वाटणी मग अटळ ठरते. ज्या वाघाच्या रक्षणार्थ शासनाने १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू केला, तोच पडद्यावर खलनायक झाला. किपलिंगने निदान शेरखानला जन्मतः लंगडा ठरवून तो गुरे का मारतो याचे कारण दिले आहे. भुकेला कारण असते. खलत्वाला ते लागत नाही.

या वाटणीचा पर्याय मराठी परंपरेतच सापडतो. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांशी जोडलेले आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. तीतील कुत्रा बोलत नाही, कोणावर उपकार करीत नाही. उलट तो चोरी करतो. तरीही त्याचा घासावरील हक्क मान्य होतो. प्राण्याचा हक्क त्याच्या सज्जनपणावर अवलंबून नाही, हे या कथेचे मर्म होय.

यावर भाबडेपणाचा आक्षेप संभवतो. नामदेवांची गेली ती एक भाकरी. रोह्यांचा कळप सोयाबीनमध्ये शिरला, तर शेतकऱ्याचा हंगाम जातो. आक्षेप रास्त आहे. मात्र आख्यायिका हानी लपवीत नाही. हानी होऊनही नाते कसे राखावे, हाच प्रश्न ती उभा करते, आणि त्या हानीचा भार एकट्या शेतकऱ्याने का वाहावा, हा पुढचा प्रश्न तिच्यातूनच विचारता येतो. खल मारावा आणि मित्र जपावा, या मालिकेच्या सूत्रात यांपैकी एकही प्रश्न उद्भवत नाही. रोही खलही नाही, मित्रही नाही. पर्यावरणविषयक बालकलाकृतीची खरी कसोटी अशा प्राण्यापाशीच लागते.