‘उचल्या’ : सभ्यतेची कसोटी

‘सभ्य’ हा शब्द ‘सभा’ या शब्दावरून आला आहे. सभेत बसण्यास योग्य तो सभ्य. मात्र ही योग्यता कोणाची, हे आधीपासून सभेत बसलेलेच ठरवीत आले आहेत. सभेबाहेर ठेवलेल्या माणसाला सभ्यता कशी दिसते, या अंगाने लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सत्तेने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली कायदा रद्द झाला, शिक्का राहिला. लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या या कुटुंबकथेत चोरीचा संशय आला की पोलीस वस्तीवर येतात आणि स्त्रियाही मारहाणीतून सुटत नाहीत. लेखक चोरीचे उदात्तीकरण करीत नाही. मार सोसता यावा म्हणून घरातच मुलांना कसे मारले जाते, हेही तो तितक्याच कोरडेपणाने सांगतो. या संयमामुळे निवेदन विश्वसनीय होते.

शाळेचा प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लेखक शाळेत जाऊ लागतो, वस्तीतील मुले आजारी पडतात आणि त्याचे खापर त्याच्या शिक्षणावर फुटते. पोलीस चोरीचे कारण जन्मात शोधतात, वस्ती आजाराचे कारण पाटीपुस्तकात शोधते. सत्तेच्या बळात या दोघांची तुलना होऊ शकत नाही. परंतु पुराव्यावाचून दोषी ठरविण्याची रीत एकच आहे. म्हणून ‘सभ्य समाज विरुद्ध असभ्य जमात’ ही सोपी विभागणी ही कृती मोडून काढते.

उत्तरार्धात कामगार व सामाजिक चळवळींचे तपशील वाढतात आणि निवेदन काही ठिकाणी अहवालासारखे होते. ही मर्यादा मान्य करूनही तेथील आशय दुर्लक्षिता येत नाही. बोलावणे येण्याची वाट न पाहता संघटित होऊन सभेत शिरणारा माणूस तेथे दिसतो.

१९८८ साली या कृतीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्काराने लेखकाला सभेत आसन मिळाले. त्याच्या वस्तीला मिळाले असे म्हणता येत नाही. चौसाळ्यासारख्या ग्रामीण परिसरातील वर्गात ही कृती शिकविताना ‘ते कसे सुधारले’ एवढाच प्रश्न विचारणे म्हणजे पुन्हा त्यांचीच झडती घेणे होय.

निष्कर्षतः, शुद्ध भाषा, पोशाख वा पदवी ही सभ्यतेची कसोटी ठरत नाही. आळ घेण्यापूर्वी पुरावा मागण्याची सवय ज्या समाजाला लागली, तोच सभ्य म्हणवून घेण्यास पात्र ठरतो.