प्रहसनपट आणि बालप्रेक्षक
प्रहसनात्मक चित्रपट बालकांस योग्य आहे की नाही, याचा निर्णय बहुधा त्यातील अश्लीलतेच्या अभावावरून केला जातो. परंतु ही कसोटी अपुरी होय. हास्य कोणावर रोखलेले आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटात पुण्यात भाड्याची जागा मिळावी म्हणून सुधीर व परशुराम स्त्रीवेष धारण करतात. येथे हसू येते ते स्त्रीत्वास नव्हे, तर पदर सावरताना त्रेधा उडणाऱ्या सोंगाड्यास. एक असत्य झाकण्यास दुसरे रचावे लागते, हेही मुलास उमजते.

‘पार्वती’ झालेल्या परशुरामाच्या डोहाळजेवणाचा प्रसंग मात्र निराळा आहे. घरमालकीण लीलाबाई काळभोर यांचे वात्सल्य खरे आहे, आणि तेथे हास्याचा विषय होतो तो त्यांचा विश्वास. वाळवे तालुक्यातील आष्ट्यासारख्या ठिकाणी आपल्याच घरातील डोहाळजेवणात वावरलेल्या मुलास या प्रसंगातील विसंगती तत्काळ कळेल. फसविल्या गेलेल्या लीलाबाईंचे दुःख त्यास आपण होऊन जाणवेलच, असे नाही. म्हणून हा चित्रपट बालकांस वर्ज्य नसला, तरी त्यांनी तो वडीलधाऱ्यांच्या सहवासात पाहणेच इष्ट होय.