कागदाची साक्ष

१९३४ साली लंडनमध्ये दिसायला अगदी नीरस असे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. नावही तसेच नीरस होते. मराठीत सांगायचे तर 'एकोणिसाव्या शतकातील काही पुस्तिकांच्या स्वरूपाची चौकशी'. लेखक जॉन कार्टर आणि ग्रॅहॅम पोलार्ड. दोघेही जुन्या पुस्तकांचे व्यापारी, दोघेही तिशीच्या आसपासचे. विज्ञानाचे शिक्षण देणारे हे पुस्तक नव्हे. तरीही विज्ञान शिकवणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे असे आम्हाला वाटते. पुरावा म्हणजे काय आणि विश्वास म्हणजे काय, यांतला फरक इतक्या शांतपणे उलगडून दाखवणारी पुस्तके फार थोडी आहेत. पुस्तकात काही उणिवाही आहेत आणि त्याही तितक्याच शिकवणाऱ्या आहेत.

आधी पार्श्वभूमी समजून घेऊ. काहींना जुनी नाणी जमवण्याचा छंद असतो, काहींना टपाल तिकिटांचा. तसाच पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोरात होता. कवीची कविता जिथे सर्वप्रथम छापली गेली ती प्रत सर्वांत मोलाची. आता समजा, एखादी कविता १८५० च्या संग्रहात आली आहे, पण त्याआधी तीन वर्षे ती मित्रांपुरती छोट्या पुस्तिकेच्या रूपाने छापली गेली होती असे कळले, तर संग्राहकांच्या दृष्टीने खरी 'पहिली' आवृत्ती ती पुस्तिका ठरते. संग्रहाचा मान गेला, पुस्तिकेचा भाव चढला.

अशा पुस्तिका १८८० नंतरच्या काळात एकामागून एक उजेडात येऊ लागल्या. टेनिसन, ब्राउनिंग, स्विनबर्न, रस्किन, अशा मोठ्या नावांच्या. सर्वांत प्रसिद्ध होती एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या सुनीतांची. तिच्यावर छापले होते: रेडिंग, १८४७, प्रकाशनासाठी नाही. ही सुनीते त्यांच्या १८५० च्या संग्रहात आल्याचे सर्वांना ठाऊक होते. मग १८४७ ची पुस्तिका कशी? तर एडमंड गॉस या नामवंत समीक्षकाने १८९४ मध्ये एक गोड हकीकत सांगितली. एलिझाबेथने पिसा गावी असताना हस्तलिखित लाजत नवऱ्याच्या खिशात सरकवले आणि मग ते छापण्यासाठी रेडिंगच्या मैत्रिणीकडे धाडले, अशी. गोष्ट सुंदर होती. सुंदर गोष्टीला पुरावा मागायला कोणालाच आवडत नाही.

या पुस्तिका खऱ्या की खोट्या हे ठरवायचे असेल तर विचारायचे कोणाला? त्या काळी उत्तर एकच होते: टॉमस जेम्स वाइझ. १८५९ साली जन्मलेला हा गृहस्थ सुगंधी तेलांच्या एका पेढीत कारकून म्हणून लागला आणि पुढे इंग्लंडमधला सर्वांत मोठा ग्रंथसंग्राहक झाला. 'अ‍ॅशली लायब्ररी' हा त्याचा खासगी संग्रह विख्यात होता. टेनिसन, स्विनबर्न, ब्राउनिंग, वर्ड्सवर्थ यांच्या ग्रंथांच्या प्रमाणभूत सूची त्याने केल्या. तो १९२२ ते १९२४ या काळात ग्रंथसूचिकारांच्या संस्थेचा अध्यक्ष होता. ऑक्सफर्डने त्याला मानद पदवी दिली. नव्या संग्राहकाला शंका आली की तो वाइझची सूची उघडे. सूचीत पुस्तिका आहे ना? मग ती खरी.

आणि या पुस्तिका बनवणारा स्वतः वाइझच होता.

ही लबाडी कशी चालली हे नीट पाहण्यासारखे आहे. वाइझने शेली सोसायटीसाठी जुन्या दुर्मिळ पुस्तकांच्या हुबेहूब प्रतिकृती छापून घेतल्या होत्या. प्रतिकृतीवर मूळचे जुने साल छापावेच लागते. तेव्हा जुन्या सालाचा मजकूर घेऊन तो छापखान्यात गेला, तर छापणाऱ्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. मात्र या पुस्तिकांना मूळच नव्हते. खोटी नोट पकडायला खरी नोट शेजारी ठेवता येते. इथे शेजारी ठेवायला काहीच नव्हते. पुढची पायरी म्हणजे पुस्तिकेची प्रत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात पोचवायची. मग सूचीत लिहायचे की म्युझियममध्ये प्रत आहे. म्युझियम सूचीकडे बोट दाखवणार, सूची म्युझियमकडे. दोन साक्षीदार दिसतात, पण दोघांनाही एकाच माणसाने पढवलेले आहे.

कार्टर आणि पोलार्ड यांनी काय केले? पुस्तिका कोणाकडून आली, तिच्याविषयी कोण काय म्हणतो, हे सारे त्यांनी बाजूला ठेवले आणि त्या वस्तूलाच प्रश्न विचारले. पुस्तकाचा हा भाग सर्वांत सरस आहे.

पहिला प्रश्न कागदाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये छपाईचा कागद मुख्यतः चिंध्यांचा, म्हणजे सुती व तागाच्या धाग्यांचा असे. चिंध्या पुरेनात म्हणून १८६१ पासून स्पेन व उत्तर आफ्रिकेतले एस्पार्टो गवत वापरात आले. लाकडावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेला लगदा १८७४ च्या आधी तिथे वापरात नव्हता. हे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. एस्पार्टोचे तंतू बारीक व आखूड, त्यांच्याबरोबर स्वल्पविरामाच्या आकाराची इवलीशी लव. देवदारासारख्या वृक्षाच्या लाकडाचे तंतू रुंद, फितीसारखे, त्यांवर खाचा. आयोडीन व झिंक क्लोराइडच्या द्रावणाने चिंध्यांचे तंतू तांबूस होतात, तर रासायनिक लगद्याचे निळसर. रेडिंगच्या '१८४७' च्या पुस्तिकेतला कागद तपासला, तर त्यात रासायनिक लाकूडलगदा निघाला. जो कागद १८७४ पूर्वी असूच शकत नाही त्यावर १८४७ मध्ये छपाई कशी होईल?

दुसरा प्रश्न खिळ्यांना. ज्यांनी खिळे जुळवून छापलेली पाने पाहिली आहेत त्यांना हे लगेच उमजेल. इंग्रजी 'एफ' आणि 'जे' या अक्षरांची टोके पूर्वी खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावत आणि छापताना तुटत. पुढे ही टोके आत वळवून खिळ्याच्या अंगातच बसवलेली अक्षरे निघाली. कार्टर-पोलार्डना तपासातल्या टंकात अशी अक्षरे १८८० नंतरचीच आढळली. रेडिंगच्या पुस्तिकेत ती होती. शिवाय तिथले प्रश्नचिन्ह त्या टंकाच्या घराण्यातले नव्हते, दुसऱ्या टंकातून आलेले होते. असे मिश्रण हे छापखान्याच्या बोटाच्या ठशासारखे असते. शोध घेता घेता वाइझनेच १८९३ मध्ये काढलेली एक प्रामाणिक प्रतिकृती सापडली. तिच्यात नेमके हेच टंक होते आणि तिच्यावर मुद्रकाचे नावही होते: रिचर्ड क्ले आणि सन्स, लंडन.

तिसरा प्रश्न असा, की काय आढळायला हवे होते आणि आढळत नाही? कवयित्रीने मित्रांसाठी पुस्तिका छापली असती तर एखाद्या तरी प्रतीवर तिच्या हातचे 'सप्रेम भेट' असते. एखादी प्रत त्या काळच्या बांधणीत मिळाली असती, एखाद्या पत्रात तिचा उल्लेख असता. यातले काहीच नाही. सगळ्या प्रती कोऱ्या करकरीत. पुढे प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट ब्राउनिंगच्या पत्रावरून तर असे दिसते, की त्याने ही सुनीते प्रथम पाहिली तीच १८४९ मध्ये.

या तीन पुराव्यांचे वजन सारखे नाही आणि लेखकद्वयाने ते सारखे मानलेले नाही. इथे त्यांची खरी शास्त्रीय वृत्ती दिसते. 'आढळत नाही' हा पुरावा दुबळा असतो. तो संशय वाढवतो, निकाल देत नाही. कागदाचा पुरावा प्रबळ, पण एकाच दिशेने. कागद सालाच्या मानाने फार नवा निघाला तर पुस्तिका खोटी हे ठरते. मात्र कागद पुरेसा जुना निघाला म्हणून पुस्तिका खरी ठरत नाही, कारण जुना कागद नंतरही वापरता येतो. अनेक पुस्तिका कागदाच्या परीक्षेतून सुटल्या. त्यांतल्या काही खिळ्यांच्या परीक्षेत अडकल्या, काहींवर नुसता संशय राहिला. लेखकांनी 'खोटी' आणि 'संशयित' असे वेगवेगळे रकाने ठेवले. पन्नासाच्या आसपास पुस्तिका तपासूनही सर्वांना एकाच दोरीने बांधण्याचा मोह त्यांनी टाळला.

आता उणिवांकडे वळू. पुस्तकात वाइझला खोटेपणाचा कर्ता असे कुठेही स्पष्ट म्हटलेले नाही. बदनामीच्या कायद्याची भीती होती हे खरे. पण सर्व बाण एकाच घराकडे दाखवायचे आणि दारावरचे नाव मात्र वाचायचे नाही, यामुळे पुस्तकाला काही ठिकाणी कुजबुजीचा सूर येतो. त्यापेक्षा मोठी उणीव म्हणजे हॅरी बक्स्टन फॉर्मन हा त्यांच्या नजरेतून निसटला. टपाल खात्यातला वरिष्ठ अधिकारी, कीट्स व शेली यांचा मान्यवर संपादक. तो १९१७ मध्ये वारला होता. इतका सज्जन विद्वान यात असेल हे त्यांच्या मनात आले नाही. म्हणजे ज्या दोषाबद्दल त्यांनी सगळ्या संग्राहकांना धारेवर धरले, तोच थोडासा त्यांच्याही हातून घडला.

पुस्तक निघाल्यावर छंदिष्टांच्या जगात जो वाद झाला तो पुस्तकाइतकाच बोधप्रद आहे. वाइझ तेव्हा ७४ वर्षांचा होता. पुष्कळांना हे वृद्धावरचे क्रूर आक्रमण वाटले. 'ज्याने आम्हाला पुस्तके ओळखायला शिकवले तो असे करेल?' हा त्यांचा युक्तिवाद होता. पण हा युक्तिवाद कागदातल्या तंतूंना लागू पडत नाही. टाइम्सच्या साहित्य पुरवणीत वाइझने पत्र लिहून कळवले की पुस्तिका आपल्याला फॉर्मनकडून मिळाल्या. तेव्हा हर्बर्ट गॉर्फिन पुढे आला. तो पोरवयात वाइझच्याच कचेरीत नोकरीस होता आणि नंतर पुस्तकविक्रेता झाला. आपण पुस्तिकांचे गठ्ठे वाइझकडूनच विकत घेतले आणि फॉर्मनचे नाव कधी ऐकलेही नाही, असे त्याने सांगितले. साहजिकच, वाइझ मेलेल्या मित्रावर दोष ढकलतो आहे असा बहुतेकांचा समज झाला.

पण १९४५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाने काही कागद प्रसिद्ध केले. त्यांत वाइझ आणि फॉर्मन यांचे समासातले सवाल-जबाब होते. टेनिसनची एक पुस्तिका १८९६ मध्ये छापायची आणि ती १८७१ ची असल्याचे लोकांना भासवायचे, याची त्यात उघड कबुली होती. फॉर्मन बरोबरीचा भागीदार होता. म्हणजे वाइझच्या खोट्या खुलाशात एक खरा धागा होता. आधी वाइझवर विश्वास म्हणून लोकांनी त्याची खोटी विधाने मानली. नंतर अविश्वास म्हणून त्याचे अर्धे खरे विधान झटकून टाकले. दोन्ही वेळा विधानाऐवजी माणूस तपासला गेला.

वाइझ १९३७ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने ६६,००० पौंडांना विकत घेतला. १९५९ मध्ये डेव्हिड फॉक्सन यांनी आणखी धक्का दिला. वाइझने म्युझियममधल्याच जुन्या नाटकांच्या प्रतींतून २०० हून अधिक पाने चोरून स्वतःच्या आणि विक्रीच्या अपुऱ्या प्रती पुऱ्या केल्या होत्या. विश्वासू माणसाच्या पिशव्या दारावर कोण तपासणार?

सर्वांत खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. रस्किनच्या ग्रंथावलीचे संपादक कुक आणि वेडरबर्न यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकातच रस्किनच्या दोन-तीन पुस्तिका खोट्या असल्याचे दाखवून दिले होते. मजकुरात नंतरच्या सुधारणा आधीच्या सालाखाली आल्या होत्या. तरी पुढची जवळजवळ तीस वर्षे बाकीच्या पुस्तिकांकडे कोणी त्या नजरेने पाहिले नाही. कारण उघड आहे. ज्याने पैसे मोजले त्याला आपली प्रत खोटी ठरायला नको असते, विकणाऱ्याला तर नकोच असते, आणि ग्रंथालयाला आपली सूची बदलणे लाजिरवाणे वाटते. सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेत होता, द्रावण बाटलीत होते. कमी होती ती विचारण्याची इच्छा.

आमच्या वर्गांत काय होते? 'पुस्तकात दिले आहे' किंवा 'सरांनी सांगितले' म्हटले की प्रश्न संपतो. शिक्षक हाच मुलांचा वाइझ असतो. तो प्रामाणिक असला तरी तपासण्याची सवय मुलांना लागत नाही. ही सवय लावायला महागडी साधने लागत नाहीत. फळ्यावर लिहा: '१९५५ सालचे एक पत्र, त्यावर सहा आकडी पिन कोड आहे.' पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा निकाल लगेच लागतो. मग विचारा: '१९३० साल छापलेल्या मराठी पुस्तकात "घरांत", "नांव" अशा शब्दांवरचे जुने अनुस्वार कुठेच नाहीत.' असे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गळाले. पण त्याआधी कोणी हौसेने गाळलेच नसतील असे नाही. म्हणून इथे संशय घेता येतो, निकाल देता येत नाही. शेवटी विचारा: 'आणि पत्रावर पिन कोड नसेल, तर ते १९५५ चेच ठरते का?' मुले वाद घालतील. घालू द्यावा. एका पुराव्याने काय सिद्ध होते आणि काय होत नाही हे त्यांना त्या वादातून जितके कळेल, तितके 'निरीक्षण, प्रयोग, अनुमान' ही व्याख्या पाठ करून कळणार नाही.